वाचकांचे प्रश्न : योगाचा पहिला क्लास, घालू काय आणि नेऊ काय?

या वेळी तुमच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय. क्लास लावलाय पण पहिल्या दिवशी काय घालायचं, पिशवीत काय टाकायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि आज फक्त यावरच बोलूया. मी योग शिकवते आणि मनापासून सांगते, कपडे नाहीत, मॅट नाही म्हणून लोक महिना महिना येणं पुढे ढकलतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण लागतं त्यातलं बहुतेक सगळं घरातच असतं.

ताई, माझा क्लास सोमवारपासून सुरू होतोय. माझ्याकडे योगाचे वेगळे कपडे नाहीत, जुनी ट्रॅकपँट आणि सैल टीशर्ट आहेत. मैत्रीण म्हणते सगळ्याजणी टाइट लेगिंग्जमध्ये येतात. माझं वजन जास्त आहे, मला तसले कपडे नको वाटतात. ट्रॅकपँट चालेल का? — एक वाचक

चालेल, अगदी बिनधास्त चालेल. टाइट कपडे घातलेच पाहिजेत असा काही नियम नाहीये. शिकवणाऱ्याला तुमचा गुडघा कुठल्या दिशेला वळलाय आणि पाठ कुठे गोल होतेय एवढं दिसलं की झालं, म्हणजे वीरभद्रासनात (एक पाय पुढे वाकवून उभं राहायचं आसन) पुढचा गुडघा आत कलंडत असेल तर तो खूप घेरदार पँटमध्ये दिसतच नाही आणि मग तुम्हाला कोणी दुरुस्त करू शकत नाही. साध्या ट्रॅकपँटमध्ये हे व्यवस्थित दिसतं.

आता सैल टीशर्टचं. अधोमुख श्वानासनात कंबर वर आणि डोकं खाली असतं, तेव्हा सैल टीशर्ट सरळ तोंडावर येतो आणि मग सगळं लक्ष तो खाली ओढण्यात जातं. उपाय सोपा आहे, टीशर्ट पँटमध्ये खोचा किंवा आत अंगाबरोबर बसणारी बनियन नाहीतर टँक टॉप घाला, म्हणजे वरचा सरकला तरी काळजी नाही. गळा फार मोठा नको, पुढे वाकल्यावर तो सांभाळावा लागतो. पँटची नाडी समोर बांधली असेल तर भुजंगासनात पालथं झोपल्यावर ती गाठ बरोबर पोटात रुतते, त्यामुळे गाठ बाजूला घ्या. झिप, जाड बटणं, मागच्या खिशावरची मेटलची बटणं, हे सगळं पाठीवर झोपल्यावर टोचतं. आणि पँट पायाखाली येईल इतकी लांब नको, घोट्यापाशी इलास्टिक असेल तर उत्तम, नसेल तर दुमडून घ्या. जीन्स मात्र नकोच, ती मांडीत आणि गुडघ्यात अडते.

एक काम करा, आदल्या दिवशी तेच कपडे घालून घरी आरशासमोर पुढे वाका, हात वर करा, उकिडवं बसा, पाठीवर झोपून पाय वर घ्या. कुठे ओढ बसतेय, कुठे सरकतंय, सगळं दोन मिनिटांत कळतं. लेगिंग्ज घालणार असाल तर हे भरपूर उजेडात करा कारण काही कापड ताणलं की पारदर्शक होतं. आतून स्पोर्ट्स ब्रा घ्या, तिला पाठीमागे हुक नसेल असं बघा, शवासनात तो हुक मणक्यावर टोचत राहतो. कॉटन की सिंथेटिक असंही बऱ्याच जणींनी विचारलंय. कॉटन अंगाला मऊ लागतं पण घाम आला की ओलंच राहतं आणि जड होतं, सिंथेटिक लवकर वाळतं. सावकाश चालणाऱ्या क्लासला कॉटन छान, भरभर सूर्यनमस्कार घालणाऱ्या क्लासला दोन्हीचं मिश्रण असलेलं बरं. बाकी वजनाचं म्हणाल तर त्याने कपड्यांचं गणित बदलत नाही, फक्त मांड्या घासत असतील तर आतून गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स घाला, रॅश येणार नाही.

पुरुषांनी शॉर्ट्स घालून गेलं तर चालतं का? — एक वाचक

चालतं, पण सुटी रुंद शॉर्ट्स नको. पाय वर घेतल्यावर ती खाली घसरते आणि मग तुम्हीही अवघडता आणि बाजूचाही. आतून अंगाबरोबर बसणारी टाइट्स घाला किंवा सरळ ट्रॅकपँटच घ्या. आतले कपडे सैल नकोत हेही लक्षात असू द्या.

मॅट कुठली घेऊ? दुकानात जाड, पातळ, रबराची, फोमची इतक्या होत्या की काहीच न घेता परत आलो. जाड म्हणजे चांगली ना? आणि क्लासमधली मॅट वापरली तर चालणार नाही का? — एक वाचक

काहीच न घेता परत आलात ते बरंच झालं! पहिल्या क्लासला स्वतःची मॅट लागतेच असं नाही, बऱ्याच ठिकाणी असतात, आधी फोन करून विचारून घ्या. दोनचार क्लास करून मग घेतलीत तर आपल्याला काय हवंय ते कळलेलं असतं.

जाड म्हणजे चांगली हा मात्र मोठा गैरसमज आहे. 10 मिमी किंवा त्याहून जाड फोमची मॅट झोपून करायच्या व्यायामाला बरी पण तिच्यावर एका पायावर उभं राहून वृक्षासन करून बघा, तळवा आत रुततो, घोटा डगमगतो आणि तुम्हाला वाटतं की आपला तोलच चांगला नाही. दोष मॅटचा असतो. नवीन माणसाला 4 ते 6 मिमी पुरते. 3 मिमीची मॅट उचलायला हलकी आणि तिच्यावर पाय घट्ट रोवता येतो पण गुडघे टेकले की फरशी जाणवते. गुडघ्यांचा त्रास असेल तर जाड मॅट घेण्यापेक्षा पातळ मॅटवर गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवा, मार्जारासनात, उष्ट्रासनात हे खूप कामाला येतं.

नेहमीची मॅट साधारण 173 सेमी लांब आणि 61 सेमी रुंद असते. तुमची उंची त्याच्या आसपास किंवा जास्त असेल तर 183 सेमीची बघा, शवासनात डोकं मॅटवर आणि टाचा गार फरशीवर असं नको.

आता मटेरियल. पीव्हीसीची, म्हणजे साध्या प्लास्टिकची, टिकाऊ असते पण नवी असताना कधीकधी गुळगुळीत लागते आणि वास येतो, ओल्या कापडाने पुसून सावलीत दोनतीन दिवस उघडी ठेवा. टीपीई, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची, हलकी असते. नैसर्गिक रबराची पकड सगळ्यात छान पण जड, आणि तिला कडक उन्हात वाळवू नका, रबर खराब होतं. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर नैसर्गिक रबर टाळाच, हे दुकानदार सांगेलच असं नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. सतरंजीवर बसून प्राणायाम, ध्यान उत्तम होतं, उभ्या आसनांना मात्र गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि पडायची भीती असते, तिथे तिच्यावर अवलंबून राहू नका.

क्लासमधली मॅट वापरताय तर आधी आणि नंतर पुसून घ्या आणि चेहरा टेकतो तिथे स्वतःचा छोटा टॉवेल पसरा. तळव्याला फंगल इन्फेक्शन किंवा चामखीळ असेल तर बरं होईपर्यंत दुसऱ्यांच्या मॅटवर अनवाणी नको, तेव्हा खाली रबरी ठिपके असलेले ग्रिपचे मोजे घाला. एरवी अनवाणीच करायचं, बोटं पसरून जमीन धरता येते. साधे मोजे घालून उभी आसनं करूच नका, घसरायला होतं.

अजून काय काय न्यायचं? उपाशीपोटी जायचं का? मला चष्मा आहे. — एक वाचक

छोटा टॉवेल, पाण्याची बाटली, केस लांब असतील तर रबरबँड आणि शवासनासाठी पातळ चादर किंवा स्वेटशर्ट आणि मोजे. शेवटचं सगळे विसरतात. घाम येऊन गेल्यावर आपण दहा मिनिटं निपचित पडतो, अंग गार पडायला लागतं आणि थंडी वाजली की मन कसलं शांत होतंय, तर अंगावर काहीतरी हवंच. केस मानेच्या वर मागे घट्ट बांधले की पाठीवर झोपल्यावर डोकं एका बाजूला कलतं, म्हणून खाली सैल वेणी किंवा एकदम टाळूवर बांधा, मोठा क्लच नको.

पोटभर जेवल्यावर तीन तास तरी जाऊ द्या. अगदी भूक लागली तर तासभर आधी केळं किंवा तसलंच हलकं काहीतरी खा. डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशी येण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला, ग्लुकोजची पुडी जवळ ठेवा आणि शिकवणाऱ्यांना सांगून ठेवा. पाणी दिवसभर प्या, क्लासला निघताना बाटलीभर गटागटा नको.

चष्मा उभ्या आसनांना राहू द्या, डोकं खाली जाईल किंवा पालथं झोपायचं असेल तेव्हा काढा, म्हणून चष्म्याची डबी सोबत आणा आणि मॅटच्या बाजूला ठेवा, पायाखाली येणार नाही अशी. अंगठ्या, घड्याळ, लांब साखळी, लोंबते कानातले घरीच. आणि परफ्यूम मारून येऊ नका प्लीज, बंद खोलीत सगळे खोल श्वास घेत असतात, बाजूच्याला त्रास होतो.

माझं वय 62, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. मला जमिनीवर बसता येत नाही. मुलगी म्हणते क्लास लाव. मी काय घेऊन जाऊ? — एक वाचक

काका, नक्की जा आणि सगळ्यात आधी ही माहितीच घेऊन जा. या सगळ्या पत्रांमध्ये मला तुमचं पत्र महत्त्वाचं वाटलं, कारण पिशवीत काय आहे यापेक्षा शरीरात काय चाललंय हे शिकवणाऱ्याला माहीत असणं कितीतरी गरजेचं आहे. डॉक्टरांना विचारून घ्या, गोळ्यांची नावं, जुनी ऑपरेशनं, कुठे दुखतं, हे एका कागदावर लिहा आणि पंधरा मिनिटं लवकर जाऊन शांतपणे सांगा. क्लास सुरू झाल्यावर सगळ्यांसमोर सांगायला माणूस संकोचतो आणि गप्प बसतो.

बीपी असेल तर श्वास रोखून धरणं, जोरात भराभर कपालभाती आणि सर्वांगासन, शीर्षासनासारखी उलटी आसनं सुरुवातीला नको. काचबिंदू असेल तर तेही सांगा, डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. हर्निया, स्लिप डिस्क, चक्कर येणं, गरोदरपण, यातलं काहीही लपवू नका.

जमिनीवर बसता येत नाही म्हणून अडत नाही. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, लोड यांचा आधार घेऊन आसन करायची पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी जगभर रुजवली, आणि खुर्चीवर बसून ताठ पाठीने केलेलं आसन हे आसनच असतं, कमीपणा वाटून घेऊ नका. फोन करताना खुर्ची मिळेल का विचारा. तुमच्याकडून फक्त सैल पँट, हाफ टीशर्ट आणि सहज काढता येतील अशा चपला.

पहिल्याच दिवशी पाळी आली तर? — एक वाचक

बरं वाटत असेल तर ये. गडद रंगाची पँट घाल, नेहमीचं पॅड किंवा कप जे वापरतेस तेच वापर, नवीन प्रयोग त्या दिवशी नको. बऱ्याच परंपरांमध्ये या दिवसांत उलटी आसनं करत नाहीत, तुझ्या टीचरना हळूच सांग, त्या दुसरं काहीतरी देतील. पोट फार दुखत असेल तर फोन करून पुढच्या क्लासला येते म्हण, जागा जात नाही.

ऑनलाइन क्लास लावलाय, मग हे सगळं लागतं का? — एक वाचक

कपड्यांचं सगळं तसंच, फक्त तुमच्या मागच्या पडद्यासारखाच रंग घालू नका, तुम्ही त्यात मिसळून जाता आणि शिकवणाऱ्यांना हात कुठे आहेत तेच कळत नाही. फोन किंवा लॅपटॉप इतका लांब ठेवा की उभं राहिल्यावर आणि मॅटवर आडवं झाल्यावर तुम्ही पूर्ण दिसाल, आणि कॅमेरा बाजूने लावा, समोरून पाठीचा बाक दिसत नाही. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर तुमची नुसती काळी आकृती दिसते. मॅटच्या चहूबाजूंनी हात पसरता येतील एवढी जागा मोकळी करा, टेबलाचा कोपरा जवळ असेल तर तो आधी सरकवा.