एसी लावला की काटा खाली येतो, हे कसं काय?

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे 2006 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, वडिलांनी घेतलेली, 1 लाख 30 हजार किलोमीटर झालेत. साताऱ्याहून पुण्याला महिन्यातून दोनदा तरी जाणं-येणं असतं. दोन महिन्यांपासून गाडी तापायला लागलीये. हायवेला 80 ने चालली की काहीच नाही, काटा मधोमध, पण टोलनाक्याच्या लाईनीत किंवा खंबाटकी घाटात ट्रकमागं अडकलो की पाच-सात मिनिटांत काटा लालच्या जवळ जातो. मी घाबरून एसी बंद करतो तर अजूनच वाढतो, आणि मागच्या वेळी बायकोने उकडतंय म्हणून एसी लावला तर काटा चक्क खाली आला! कूलंटची बाटली फुल असते. एक मेकॅनिक म्हणाला फॅन डायरेक्ट (म्हणजे सतत चालू) करू नि थर्मोस्टॅट व्हॉल्व (गार इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकू, दुसऱ्या गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं. घरच्या घरी काय बघता येईल? – एक वाचक, सातारा

उत्तर: आधी सांगतो, इंजिन खोलायला आत्ता अजिबात हो म्हणू नका. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे आणि ते तुमच्या मिसेसनी शोधलंय.

असं बघा, गाडी 80 ने पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, फॅनची गरजच पडत नाही. गाडी थांबली की वारा बंद, मग सगळी मदार फॅनवर. आता एसी चालू केला की फॅनला वेगळ्या वाटेने करंट मिळतो, इंजिन तापलंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो, आणि तेव्हा तुमचा काटा खाली येतो. म्हणजे हवा मिळाली की रेडिएटर त्याचं काम करतोय, वॉटर पंप पाणी फिरवतोय, व्हॉल्व उघडतोय, फक्त इंजिन तापल्यावर जो फॅन आपोआप लागायला पाहिजे तो लागत नाहीये. हेड गॅस्केट गेलं असतं तर 80 ने लोडवर पळताना काटा असा शांत बसला नसता, आणि एसी लावून तर तो नक्कीच खाली आला नसता.

रविवारी सकाळी गाडी सपाट जागेवर लावा, एसी बंद, गाडी चालू करून तशीच ठेवा आणि बॉनेट उघडून समोर उभे राहा. टाय, ओढणी, सैल बाही काही नको, हात फॅनपासून लांब, कारण तो कधीही अचानक फिरतो, काही गाड्यांत तर चावी काढल्यावरसुद्धा. बहुतेक गाड्यांत साधारण 95 अंशाच्या आसपास फॅन लागतो. काटा मधल्या खुणेच्या वर सरकला तरी फॅन गप्प असेल तर आणखी तापवत बसू नका, एसी लावा आणि नीट बघा की पुढे पंखे दोन असतील तर दोन्ही फिरतात की एकच. हे महत्त्वाचं आहे, कारण फक्त एसीचाच पंखा फिरत असेल तर रेडिएटरच्या फॅनची मोटरच गेलेली असू शकते. गाडी बंद करून, गार झाल्यावर त्या मोटरचं सॉकेट काढा आणि मधे फ्यूज असलेल्या दोन वायरींनी बॅटरीवरून थेट करंट देऊन बघा. फिरली नाही किंवा कण्हत कण्हत फिरली तर मोटर बदला. झकास फिरली तर फॅनचा फ्यूज बघा, मग रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी). रिले तपासायला काही मशीन लागत नाही, त्याच नंबरचा दुसरा रिले डब्यात असतो, बऱ्याचदा हॉर्नचा, तो अदलाबदल करून बघायचा. तेही ठीक असेल तर राहिला फॅनचा स्विच. रेडिएटरच्या खालच्या बाजूला किंवा होज पाईपच्या तोंडाशी पितळी नटासारखा असतो, दोन वायरीवाला. त्याचं सॉकेट काढून दोन्ही टोकं छोट्या वायरीने जोडा, चावी ऑन करा. फॅन लागला तर स्विच मेलाय, नवीन टाका, काम संपलं. मात्र तुमच्या गाडीत असा स्विचच नसेल आणि तापमानाच्या सेन्सरची वायर सरळ ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) जात असेल तर तिथे वायरी जोडाजोडी करू नका, इंजिन चालू असताना नुसतं सेन्सरचं सॉकेट काढून बघा, बऱ्याच गाड्यांत ईसीएम खबरदारी म्हणून स्वतःच फॅन चालू करतो. तसा चालू झाला तर वायरिंग आणि फॅन ठीक, संशय सेन्सरवर.

दुसरी गोष्ट, बाटली फुल असते म्हणालात, पण रेडिएटरचं झाकण उघडून कधी बघितलंय का? गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी, थंड असताना उघडा. गरम गाडीचं झाकण कधीही, कितीही घाई असली तरी उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं आणि माणूस आयुष्यभरासाठी भाजतो, मी हे जवळून बघितलंय म्हणून दरवेळी लिहितो. पाणी रेडिएटरच्या गळ्यापर्यंत पाहिजे. ते खाली गेलेलं आणि बाटली मात्र फुल, असं असेल तर झाकण खराब आहे किंवा बाटलीची बारीक नळी चिरली आहे, म्हणजे तापल्यावर पाणी बाटलीत जातं पण गार झाल्यावर परत ओढलं जात नाही. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा, बाहेरच्या हवेपेक्षा किती बार जास्त ते. 0.9 च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशाच्या आसपास उकळतं, आणि रबर कडक होऊन दाब सुटायला लागला की तेच पाणी 100 च्याही आत उकळेल, कारण सातारा काही समुद्रसपाटीला नाही. झाकण स्वस्त असतं. त्याच आकड्याचं घ्या, जास्त आकड्याचं चांगलं असं समजून घेऊ नका, जुने होज पाईप फुटतील.

हेड गॅस्केटची शंका मनातून काढायची असेल तर तेही बघून टाका. ऑईलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाची साय, ऑईलची लेव्हल आपोआप वाढणं, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर, किंवा थंड इंजिन चालू करताच उघड्या रेडिएटरमधे सतत बुडबुडे. पावसाळ्यात जवळ-जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडी साय नुसत्या दमटपणानेही धरते, तेवढ्यावरून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

हे सगळं होईपर्यंत घाटात अडकलात तर एसी चालू ठेवा, तरी काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि फुल ब्लोअर, काचा खाली. घाम निघेल, पण हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच आहे. वाफ दिसली तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद, निदान अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी तर ओतायचंच नाही, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग तो गॅरेजवाला खरंच बरोबर ठरेल.

प्रश्न: आमच्या जुन्या गाडीचा व्हॉल्व मेकॅनिकने काढून टाकलाय. आता थंडीत काटा वरच येत नाही, हीटर कोमट आणि पेट्रोल जास्त खाते. काही नुकसान आहे का? – एक वाचक, लातूर

उत्तर: आहे, आणि ते रोज होतंय. इंजिन 80-90 अंशाला चालायला बनवलेलं असतं, थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. नवीन थर्मोस्टॅट आणा, त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो, गाडीला जो लागतो तोच घ्या. बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवून गॅसवर ठेवा (ते पातेलं परत स्वयंपाकाला नको), पाणी उकळायच्या आत तो उघडला पाहिजे आणि बाहेर काढल्यावर मिटला पाहिजे. आणि तुमच्याकडे बोअरचं पाणी जड, ते रेडिएटरमधे घालत असाल तर आजच थांबवा, क्षार बसून नळ्या बुजतात, मग गाडी चढावर आणि हायवेला तापायला लागते. रेडी कूलंट घ्या नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणून डिस्टिल्ड वॉटरमधे निम्मं-निम्मं करा, रेडीमधे वरून पाणी घालू नका. भरताना हीटर गरमवर आणि गाडीचं तोंड चढाकडे, म्हणजे आतली हवा निघते. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-वासरं चाटतात नि मरतात. डब्यात बंद करून गॅरेजला द्या.