मित्रांसोबत दोन दिवस घोड्यावरून भटकंती आणि तंबूत मुक्काम करायचा आहे. तयारी काय करावी?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही सहा जण आहात, आजवर कोणीही घोड्यावर बसलेले नाही, डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी रोज २५ किलोमीटर जाण्याचा बेत आहे, आणि माणशी खर्च किती येईल व सोबत काय न्यावे हे तुम्हाला हवे आहे. २५ किलोमीटरचा बेत आधी सोडून द्या. घोडा चालीने तासाला सहा-सात किलोमीटर जातो, म्हणजे तुम्ही सुमारे चार तास खोगिरावर असाल. पहिल्यांदाच बसणाऱ्याच्या मांड्या दोन तासांत सोलवटतात, मांड, म्हणजे मांड्यांची पकड, सुटते, आणि मग तो माणूस घोड्याच्या पाठीवर पोत्यासारखा आदळत राहतो. दिवसाला दहा-बारा किलोमीटर तुम्हाला पुरे होतील. हेल्मेट, टाच असलेले बूट, जाड शिवण नसलेली विजार हे सारे तुम्हाला आयोजक सांगतीलच. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात घोड्याविषयी एकही ओळ नाही, आणि हे उत्तर लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही महाविद्यालयातले पाच मित्र-मैत्रिणी दौंड तालुक्यातल्या एका पागेवरून निघून उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठापर्यंत घोड्यावरून गेलो होतो. आम्ही सारेच पंचेचाळिशीच्या आसपासचे. मी विद्यार्थिदशेत तीन वर्षे एन.सी.सी.च्या घोडदळ तुकडीत होते, त्यामुळे खरारा करणे म्हणजे घोड्याचे अंग घासून काढणे, खूर उचलून साफ करणे, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळणे ही कामे मी हाताने केलेली आहेत. बाकीच्या चौघांची घोड्याशी ओळख माथेरानपुरतीच होती. आमच्यातल्या एका मित्राला चांदणी नावाची घोडी मिळाली. कुमैत म्हणजे काळसर तांबडा रंग, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि मारवाडी रक्त सांगणारे, टोकाशी आत वळलेले कान. अंगाने ती लहान होती. माझ्या अंदाजाने साडेतीनशे किलोच्या आतबाहेर. स्वार आणि खोगीर यांचे मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावे, असा साधारण नियम आहे. त्या हिशेबाने तिच्या पाठीवर ७० किलो चालले असते. माझ्या मित्राचे वजन ९२ किलो होते आणि खोगीर दहा किलोचे.

मी त्या सकाळी बोलले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा घोड्यांवर आधीच खोगिरे चढवलेली होती, सगळे छायाचित्रे काढण्यात गुंतले होते, आणि इतक्या वर्षांनी भेटलेल्या मित्राला पहिल्याच घटकेला त्याच्या वजनावरून टोकणे मला नको वाटले. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना दोष देता येत नाही. मला ठाऊक होते. खोगिरे एकदा उतरवून पाठी दाखवा, एवढे एक वाक्य मी बोलायला हवे होते.

वाट मात्र सुंदर होती. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली होती आणि आम्ही शेतात न शिरता बांधाबांधाने जात होतो. ऊसतोडणीचा हंगाम असल्यामुळे डांबरी रस्ता ओलांडताना मोठ्याने गाणी लावलेला, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोर आला, तेव्हा पागेतले काका खाली उतरले आणि त्यांनी सगळ्या घोड्यांची तोंडे त्या आवाजाकडे वळवायला लावली. घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यालाच तो अधिक बुजतो. तुम्ही डिसेंबरमध्ये त्या बाजूला जाणार असाल तर हा प्रसंग तुमच्यावरही येईल. त्या वेळी लगाम खेचून धरू नका, फक्त घोड्याला बघू द्या.

दुपारी चारच्या सुमारास, २१ किलोमीटर कापून आम्ही मुक्कामाच्या जागी पोहोचलो. काकांनी चांदणीचा तंग सोडला, खोगीर उचलले, आणि मी जवळ जाऊन पाहिले. घामाने तिची सगळी पाठ काळसर आणि ओली झाली होती, पण आयाळ संपते त्या उंचवट्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा एक भाग अगदी कोरडा होता. केस कोरडे, विस्कटलेले, कडेला घामाच्या मिठाची पांढरी रेघ. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटेल की तिथे घोडी घामेजली नाही म्हणजे तिथे तिला सुखच होते. खरे उलट आहे: खोगिराचा दाब एका जागी इतका पडलेला असतो की तिथले रक्त अडते आणि घामसुद्धा सुटत नाही. मी त्यावर दोन बोटे ठेवली तेव्हा तिने पाठ खाली दबवली आणि कान मागे टाकले. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता त्या जागेवर गार पाण्याचे फडके ठेवले.

मुक्कामाबद्दल तुम्ही विचारले आहे म्हणून दोन गोष्टी. तिथल्या कुंपणाला कण्हेरीची झाडे होती आणि आमच्यातल्या एकीने तिचा घोडा त्याच कुंपणाला बांधला होता. काका धावत गेले आणि त्यांनी तो सोडवून आणला. कण्हेरीची मूठभर पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात, आणि शेतघरांच्या कुंपणाला ती आपल्याकडे सर्रास लावलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे घोड्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच जाते, म्हणून प्रेमाने दिलेल्या पाव-बिस्किटांनी आणि एकाएकी बदललेल्या वैरणीने त्याला पोटशूळ होतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. त्याला त्याची रोजची चंदी म्हणजे दाणा, त्याचाच कडबा आणि भरपूर पाणी द्या. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते, तेव्हा मुक्कामाच्या जागी एवढे पाणी कुठून येणार, हे पैसे भरण्याआधी विचारा.

रविवारी सकाळी त्या कोरड्या भागावर अर्ध्या लिंबाएवढी सूज आली होती. काका म्हणाले, “ताई, आज हिच्यावर खोगीर नको. तंग वढला की दात दाखवती बघा.” आयोजकाकडचा तरुण मात्र म्हणाला की खालून आणखी एक जाड घोंगडी घालू आणि निघू. अरुंद खोगिराखाली आणखी घोंगडी घालणे म्हणजे आधीच चावणाऱ्या बुटात जाड मोजे घालणे; दाब त्याने वाढतो, कमी होत नाही. मी नाही म्हटले. दुसरा एकही घोडा माझ्या मित्राचे वजन पेलण्याजोगा नव्हता, त्यामुळे त्याने सामानाच्या टेम्पोतून परतावे आणि चांदणीला मी दोरीने चालवत आणावे, असे मी सुचवले. माझा घोडा काकांनी आपल्या घोड्याबरोबर जोडीने घेतला. बाकीचे तिघे स्वार होऊन पुढे गेले, मी साडेपाच तास चालले, आणि माझा मित्र त्या दिवसापासून प्रत्येक भेटीत सांगतो की मी त्याच्या सहलीचा विचका केला.

त्याचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे मांडते. एक, पैसे दोन दिवसांचे भरले होते. दोन, घोडा हा स्वारीसाठीच असतो आणि थोडीफार सूज त्याला नवी नसते. तीन, आणि हे तो सर्वांत आवेशाने सांगतो: मराठ्यांच्या घोड्यांनी याच भीमथडीतून, म्हणजे भीमेकाठच्या मुलुखातून, निघून दूरदूरचे मुलूख पालथे घातले, तेव्हा कोणी त्यांच्या पाठीवर बोटे फिरवत बसले नव्हते.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे: पैसे आपण आयोजकाला दिले होते, घोडीला नाही, आणि परतावा आयोजकाकडे मागायचा असतो. दुसऱ्याचे उत्तर मी वर दिलेच आहे. तिसऱ्याने मात्र मला खरोखर दुखावले, कारण त्यात आपल्याच इतिहासाचे अज्ञान आहे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते; बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे आणि शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. त्या पागेत २५ बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी आणि नाल यांची व्यवस्था कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती, तिच्यासाठी पगारी माणूस होता. चिपळूण भागातल्या छावणीतील लष्कराला महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेकडून दाणा, गवत, भाजी जबरीने घेऊ नका, या ताकिदीसाठी सारे ते सांगतात. पण त्याच पत्रात दाणा आणि वैरण आताच बेपर्वाईने उडवलीत तर पुढे पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असेही स्पष्ट बजावले आहे. गवताच्या गंजींजवळ आग आणि चिलीम नको, रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथवर त्यात काळजी घेतलेली आहे. शनिवारी रात्री माझ्या ह्याच मित्राने कडब्याच्या पेंढ्यांपासून दहा पावलांवर शेकोटी पेटवली होती आणि ती मी विझवायला लावली, तेव्हाही त्याला राग आला होता. घोडा दूरचा मुलूख गाठायचा तो त्याची पाठ, त्याचे खूर आणि त्याची वैरण रोज बघितली जात असे म्हणून. इतिहासाचा अभिमान असेल तर तो इथे दाखवावा, फेटा बांधून काढलेल्या छायाचित्रात नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझे सांगणे असे आहे. जागा ठरवण्याआधी एकदा त्या पागेवर जा आणि तुम्हाला जे घोडे मिळणार आहेत त्यांची खोगिरे उतरवायला सांगा. पाठीवरून बोटे चपटी ठेवून मध्यम दाबाने फिरवा. घोडा दचकला, पाठ चोरू लागला, तर तो घोडा घेऊ नका. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तिथली कातडी पूर्वी कधीतरी चांगलीच दुखावली होती असे समजा. तो घाव आज दुखत असेलच असे नाही, पण आताचे खोगीर त्याला बेतशीर बसते का, हे विचारा. आयोजकाला तुमच्या सहाही जणांची खरी वजने आधी कळवा आणि कोणाला कोणता घोडा, हे त्याच्याकडून आधी ठरवून घ्या. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तंग पुन्हा तपासा, कारण खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवून घेतात. जे आयोजक खोगीर उतरवून दाखवायला का-कू करतील, त्यांच्याकडे जाऊ नका, मग तंबू कितीही सुंदर असोत.

खर्चाविषयी मी आकडा देत नाही, कारण तो जागेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे फार बदलतो. मात्र सर्वांत स्वस्त दर सांगणाऱ्याला विचारा की शनिवारी परतलेला घोडा रविवारी लगेच दुसऱ्या तुकडीबरोबर निघतो का. सामान टेम्पोने जाते का तेही विचारा, कारण पाठपिशव्या लादलेल्या घोड्यावर पुन्हा माणूस बसवणे मी पाहिले आहे. मी ज्याला पाचवा हिस्सा म्हणते तो काही काट्यावर तोललेला नियम नाही. घोड्याची हाडे, त्याचा सराव, वाटेचा चढ आणि स्वाराची मांड यांवर तो मागेपुढे होतो, आणि मुरलेला जड स्वार हा आदळणाऱ्या हलक्या नवशिक्यापेक्षा घोड्याला सुसह्य असतो. तुमच्यात कोणी ९० किलोच्या वर असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. शर्यतीतून निवृत्त झालेले थोराड घोडे साडेचारशे-पाचशे किलोचे असतात आणि ते वजन पेलतात, पण ते नवशिक्याच्या हाती देण्याजोगे नसतात. अशा मित्राने अर्धी वाट पायी आणि अर्धी टेम्पोने यावे, रात्री सगळ्यांबरोबर शेकोटीला बसावे. आणि उतार लागला की सगळ्यांनीच उतरून घोड्याबरोबर चालावे.

मार्चमध्ये मी मुद्दाम त्या पागेवर गेले होते. चांदणीला सहा आठवडे विश्रांती दिली होती आणि आयोजकाने रुंद खोगीर घेतले होते. काकांनी ते उतरवून दाखवले. डाव्या अंगाला सगळे केस कुमैतच उगवले होते, एकही पांढरा नव्हता. मी त्याचे छायाचित्र मित्राला पाठवले. त्याचे उत्तर आले की बघ, काही झालेच नव्हते, मी बसलो असतो तरी चालले असते. त्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही, ते इथे देते: त्या रविवारी तिची पाठ मोकळी होती, म्हणून ते केस काळसर तांबडे उगवले.