फिन घेण्याआधी बोर्ड उलटा करा

पाऊस ओसरला, सर्फिंगसाठी गोव्याची आणि कर्नाटकातल्या मुल्कीची तिकिटं निघू लागली, की माझ्याकडे फिन्सबद्दलचे, म्हणजे सर्फबोर्डाच्या खाली बसवायच्या पात्यांबद्दलचे, प्रश्न सुरू होतात. त्यातले पाच या वेळी घेतो.

प्रश्न : जुना 6 फूट 2 इंची बोर्ड स्वस्तात मिळाला, पण फिन्स नव्हत्या. खाली नुसत्या खाचा आहेत. बाजारातल्या कुठल्याही फिन्स बसतील ना? (वसई)

नाही बसणार, आणि बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. बोर्ड उलटा करा आणि खाचांचा जवळून फोटो काढा. एका फिनसाठी दोन सुटी छोटी भोकं आणि प्रत्येकाला बाजूने बारीक स्क्रू असेल, तर ती जुनी एफसीएस (एफसीएस आणि फ्युचर्स ही फिन्स बनवणाऱ्या कंपन्यांची नावं). एकच लांब चर आणि पुढच्या टोकाला एक स्क्रू असेल, तर फ्युचर्स. लांबट खाचेत दोन खळगे दिसत असतील आणि फिन स्क्रूशिवाय दाबून बसवायची असेल, तर एफसीएस टू. एफसीएस टूच्या खाचेत जुन्या एफसीएसच्या फिन्स छोटे तुकडे भरून बसवता येतात. उलटं होत नाही. फ्युचर्सचं या दोघींशी जमत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एकाने फिनचा पाय, म्हणजे बोर्डाला टेकणारा खालचा भाग, कानशीने घासून दुसऱ्याच खाचेत ठोकून बसवला होता. फिन पहिल्या दिवशीच समुद्राला मिळाली आणि जाताना खाचेची कड घेऊन गेली.

जुना बोर्ड आहे म्हणून आणखी एक बघा. खाचेच्या भोवती अंगठ्याने दाबा. केसाएवढी चीर दिसली किंवा पाणी पाझरलं, तर आधी बोर्ड पूर्ण वाळवा, मग दुरुस्ती. आत थर्माकोलसारखे दाणे असतील तर इपॉक्सी रेझिनच वापरा. पॉलिएस्टर रेझिन ते दाणे विरघळवून टाकतं.

प्रश्न : वजन 84 किलो. बोर्डासोबत आलेल्या मीडियम फिन्स वापरतो. वळताना बोर्डाची शेपूट घसरते. मोठ्या फिन्स घेऊ का? (ठाणे)

घ्या. एफसीएसच्या तक्त्यात मीडियम 65 ते 80 किलोसाठी आणि लार्ज 75 ते 90 किलोसाठी आहे. तुम्ही सरळ लार्जमध्ये बसता. पण आकड्यावर थांबू नका, फिनचा आकारही बघा.

फिनला लोक सुकाणू समजतात. सुकाणू फिरतं, फिन जागची हलत नाही. तुम्ही बोर्ड कलता करता तेव्हा ती पाण्यात रुतून शेपूट धरून ठेवते, एवढंच तिचं काम. किती धरायची आणि किती सोडायची, हे तिच्या उंचीवर, पायाच्या लांबीवर आणि मागे किती झुकली आहे त्यावर ठरतं. उंच फिन जास्त धरते. लांब पायाची फिन वेग देते, पण हट्टी असते. मागे झुकलेली फिन लांब, रेखीव वळणं काढते. ताठ उभी फिन जागच्या जागी गर्रकन वळते.

पटत नसेल तर ससून डॉकला जाऊन माशांच्या शेपट्या बघा. सुरमईची शेपूट चंद्रकोरीसारखी, अरुंद आणि उंच, कारण ती उघड्या समुद्रात लांब पल्ला मारते. गोबऱ्याची शेपूट रुंद आणि गोल. तो खडकात दबा धरून बसतो आणि एका झटक्यात पुढे झेप घेतो. जॉर्ज ग्रीनो या अमेरिकन माणसाने 1960 च्या दशकात माशांच्या शेपट्या बघूनच अरुंद, लवचीक फिन्स घडवल्या, आणि आजच्या फिन्सचं घराणं तिथून सुरू होतं.

तुम्ही लार्ज घ्या, मध्यम झुकावाची. फायबरग्लासची घेतलीत तर उत्तम, बोर्डासोबत येणारं प्लास्टिक जास्त वाकतं आणि धरायच्या वेळी सोडून देतं. फिन्स बदलाल त्या दिवशी दुसरं काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि खरं सांगू? तुमचा मागचा पाय फार पुढे पडत असेल, तर कुठलीही फिन तुम्हाला वाचवणार नाही. आधी कुणाला तरी किनाऱ्यावरून व्हिडिओ काढायला सांगा.

प्रश्न : दोन, तीन की चार फिन्स? मी बहुतेक वेळा राजोडीलाच जातो. (विरार)

शिकत असाल तर तीन. ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने 1979 ते 1982 अशी सलग चार जागतिक विजेतेपदं दोन फिन्सच्या बोर्डावरून मिळवली. त्याच्याच देशाचा सायमन अँडरसन धिप्पाड गडी, त्याच्या वजनाखाली दोन फिन्सचे बोर्ड घसरायचे. त्याने मध्ये तिसरी फिन बसवली आणि 1981 मध्ये बेल्स बीचची स्पर्धा जिंकून दाखवली. ठाण्याच्या वाचकांनी हे वाचावं, दुखणं एकच आहे.

आता राजोडी. आपला किनारा उतरता कमी आणि सपाट जास्त, त्यामुळे लाट लांबवर फुटते आणि फेस होऊन येते. अशा मऊ लाटेत मधल्या फिनचा अडथळा जाणवतो. दोन रुंद, लांब पायाच्या फिन्स तिथे मजा आणतात. चारची खरी गंमत वेगवान, पोकळ लाटेत आहे, ती आपल्याकडे क्वचित. तुमच्या बोर्डाला पाच खाचा असतील तर तीनचा संच घ्या आणि कधीतरी मधली काढून बघा. फुकटचा प्रयोग आहे.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, सॉफ्ट (फोमच्या मऊ) बोर्डावर शिकतोय. फिन अंगाला लागेल म्हणून काढून टाकू का? (दादर)

नको, ताई. फिन काढली की बोर्ड साबणासारखा निसटतो आणि पोर जास्त पडतं. रबरी कडेच्या फिन्स मिळतात, त्या लावा. पडल्यावर दोन्ही हातांनी डोकं झाकून वर यायचं, ही सवय मात्र पहिल्या दिवसापासून.

प्रश्न : 9 फुटी लाँगबोर्ड, मध्ये एकच लांब चर. केवढी फिन? पुढे लावू की मागे? (वर्सोवा)

जेवढे फूट तेवढे इंच, हा जुना हिशेब. म्हणजे 9 इंची. फिन मागे सरकवली की बोर्ड सरळ आणि शांत चालतो, पुढे घेतली की सहज वळतो. मधोमध लावून सुरुवात करा, मग दर वेळी बोटभर सरकवा.

आणि ओहोटीचं वेळापत्रक बघा. 9 इंच म्हणजे सुमारे 23 सेंटिमीटर. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी इतकं मागे जातं, की गुडघाभर वाटणारी जागा अर्ध्या तासात घोट्याएवढी होते. तिथे फिन वाळूत रुतते, बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही थांबत नाही. माझी एक फिन अशीच मुळापासून मोडली, आणि तिचा पाय चरात असा अडकला की घरी येऊन पकडीने ओढून काढावा लागला. कारण वर्षभर मी फिनचा स्क्रू सोडवलाच नव्हता, खाऱ्या पाण्याने तो गंजून बसला होता. तेव्हापासून परत आल्यावर फिन काढतो, चर गोड्या पाण्याने धुतो, आणि एक जादा स्क्रू बोर्डाला लावायच्या मेणाच्या डबीत ठेवतो.