पांढऱ्या बगळ्यात चोचीच्या रंगावर जाऊ नका

फोटो आणि दिसलेल्या बगळ्यांची यादी पाठवून तुम्ही विचारलंय की एप्रिलमध्ये गावच्या तळ्यावर पिवळ्या चोचीचा उंच पांढरा बगळा दिसायचा, आता जुलैत तिथेच तेवढाच उंच पण काळ्या चोचीचा उभा असतो, तर या दोन जाती का? वर्णनावरून मला ही एकच जात वाटते : मोठा बगळा. विणीच्या हंगामात त्याची पिवळी चोच काळी पडते, डोळ्यापुढची उघडी कातडी निळसर हिरवी होते आणि पाठीवरून जाळीदार पिसं लोंबू लागतात. पावसाळा सरला की चोच पुन्हा पिवळी. मध्यम बगळ्याचंही असंच होतं, म्हणून या दोघांत चोचीचा रंग बघून काहीच ठरवता येत नाही.

त्याऐवजी जिवणी बघा. चोचीच्या फटीची रेघ गालावर कुठवर जाते? मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्याही मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याच्या खालीच थांबते. दुर्बिणीतून हे स्पष्ट दिसतं आणि ऋतूप्रमाणे बदलत नाही. मग मान बघा. मोठ्याची मान धडापेक्षा लांब, आणि मध्यावर काठी मोडून पुन्हा जोडल्यासारखा ठळक बाक. मध्यमाची मान गुळगुळीत वळते, डोकं गोलसर, चोच आखूड. पिसांतही फरक आहे : मध्यमाला विणीत छातीवरही पिसं येतात, मोठ्याला फक्त पाठीवर.

मी स्वतः यात चुकलोय. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर ऐन पावसाळ्यात लांबवर एकटाच काळ्या चोचीचा बगळा होता आणि मी वहीत 'लहान बगळा' लिहून मोकळा झालो. दहाएक मिनिटांनी खरा लहान बगळा त्याच्या शेजारी उतरला आणि तो पहिल्याच्या निम्म्याहून थोडाच उंच भरला! पक्षी एकटा असेल तर उंचीचा अंदाज हमखास फसतो. शेजारी म्हैस, टिटवी, दुसरा बगळा, काहीतरी मापाला हवं.

लहान बगळा मात्र पायांवरून ओळखावा. चोच काळी, पाय काळे, पण पंजे पिवळेधमक. चिखलात उभा असताना पंजे दिसत नाहीत, तेव्हा तो उडेपर्यंत थांबा. पाण्यात एक पाय थरथरवत मासे उठवताना दिसला, तर बहुतेक तोच. विणीत डोक्यामागे दोन लांब पिसं येतात. पिल्लांचे पाय हिरवट असू शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

गायबगळा तुम्हाला ओळखू येतोच : बुटका, आखूड पिवळी चोच, हनुवटी भरलेली, नांगरटीमागे नाहीतर गुरांच्या पायांत. पावसाळ्यात डोकं, मान, पाठ केशरी होते. आणि तुमच्या यादीतला 'बसला तेव्हा मातकट, उडाला तेव्हा पांढरा' तो वंचक, म्हणजेच ढोकरी. त्याची पाठ मातकट आणि पंख पांढरे, मिटलेले असताना दिसतच नाहीत.

कोकणात खाडीकाठी जाल तेव्हा जरा सावध. तिथला किनाऱ्यावरचा बगळा काळपट राखाडीही असतो आणि पूर्ण पांढराही. पांढरा असला तर लहान बगळ्यासारखाच दिसतो, फक्त चोच जाड आणि तपकिरी-पिवळसर. तिथे मी अजूनही घाईने नाव लिहीत नाही.

तुमच्या फोटोंत उन्हामुळे डोकं पार पांढरंफटक झालंय, जिवणीची रेघच दिसत नाही. पांढरा पक्षी टिपताना एक्सपोजर थोडं कमी ठेवा. सकाळी लवकर जाऊन, तो बाजूने उभा असताना फक्त डोक्याचा एक फोटो घ्या आणि इथे टाका. रेघ दिसली की मोठा की मध्यम ते नक्की सांगतो.