हातातले पन्नास हजार कार्डावर भरू नका

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. नागपुरातलं मानेवाड्याचं किरायाचं घर मालकाने विकायला काढलंय आणि जूनअखेर रिकामं करून मागितलंय. तुम्ही दोन वेळ मिक्स इन्शुलिन घेता, बीपीची गोळी चालू आहे, तळपाय बधिर व्हायला लागलेत. यजमानांच्या पगारातून पर्सनल लोनचा हप्ता जातो, क्रेडिट कार्डावर 60,000 तुंबलेत, गोफ आणि पाटल्या गहाण आहेत. जवळ आहेत ते 50,000 कार्डावर भरून टाकायचे, नव्या घराचं डिपॉझिट आणि सामानाच्या गाडीचा खर्च पुन्हा त्याच कार्डावरून करायचा आणि बेसाकडचं तिसऱ्या माळ्यावरचं 7,000 चं घर घ्यायचं, असं तुमच्या मनात आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की पैसे वाचावेत म्हणून संध्याकाळचं इन्शुलिन निम्मंच घेताय.

मी तिथूनच सुरुवात करते. मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून इन्शुलिनवर आहे, त्या काळात किरायाची घरंही बदलली आणि कार्डाचं, दागिन्यांचं कर्जही फेडलं. म्हणून आग्रहाने सांगते, उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा, निम्मं घेत होते हे खरं सांगा आणि ते सांगतील त्या डोसवर या. मधुमेहात पाय बधिर होणं ही बहुतेक वेळा वाढलेल्या साखरेची खूण असते, आणि अशा पायाला झालेली जखम दुखत नाही म्हणून लक्षातच येत नाही. ती चिघळली तर जो खर्च येतो त्यापुढे औषधातली ही बचत काहीच नाही.

पैसेच वाचवायचे असतील तर ते दुसरीकडून वाचतात. तुम्ही पेनचं काट्रिज वापरत असाल तर साधं ह्युमन इन्शुलिन व्हायलमध्ये, म्हणजे सिरिंजने ओढायच्या बाटलीत, चालेल का ते डॉक्टरांना विचारा, त्यात बराच फरक पडतो. मात्र व्हायल 40 युनिटची असेल तर सिरिंजही 40 चीच हवी, 100 ची घेतली तर डोस चुकतो. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्या. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून मागितलं की काम सोपं होतं. मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची ओपीडी तुमच्या घरापासून लांब नाही, तिथे कार्ड काढून ठेवलं तर दर वेळी खासगी डॉक्टरांची फी पडत नाही.

आता पैशाचं. माझं म्हणणं एवढंच आहे की मे आणि जून हे दोन महिने कर्ज कमी करायच्या मागे लागू नका, फक्त वाढू देऊ नका. हातातली रोकड घरासाठी आणि औषधासाठी धरून ठेवा. कर्ज जुलैपासून फेडता येईल. डिपॉझिटला पैसे नाहीत म्हणून मिळेल ते वाईट घर घेतलं तर पुढचे अकरा महिने त्यातच काढावे लागतील.

कार्डाचा हिशेब बघा. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाचे 42 टक्के. 60,000 वर महिन्याचे 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 2,478. एवढे पैसे नुसते व्याजात जातात, मुद्दल जिथल्या तिथे. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कम, भरून लोकांना वाटतं आपण फेडतोय, पण त्यातला मोठा भाग व्याजच खातं, वर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणून 50,000 भरून लगेच डिपॉझिटसाठी तेच कार्ड घासलं तर त्या पैशावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. एटीएममधून काढले तर वेगळी फीसुद्धा.

त्यापेक्षा कार्डाच्या बँकेला फोन करा आणि थकीत रकमेचे हप्ते बांधून मागा. तसं करता येतं. साधारण 18 टक्क्यांनी 24 महिन्यांचे हप्ते बांधले तर महिन्याला 3,000 च्या जवळपास येतात. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. म्हणजे आत्ता नुसत्या व्याजात जातात त्यापेक्षा थोडेच जास्त भरून दोन वर्षांत सगळं संपतं. फोनवर तीन गोष्टी विचारा: व्याजदर वर्षाचा किती, फी किती, आणि मधेच रक्कम भरली तर दंड किती. उत्तर ईमेलवर मागा. हप्ते बांधले की कार्ड आलमारीत टाका, वापरू नका. ‘सेटलमेंट’ करून देतो, म्हणजे थोडे पैसे घेऊन बाकीचे सोडतो, असं कोणी म्हटलं तर घाईने हो म्हणू नका, क्रेडिट रेकॉर्डवर तो शेरा राहतो आणि पुढे कर्ज घेताना आडवा येतो.

एप्रिलचं बिल चुकल्यापासून वसुलीचे फोन येतात आणि फोन वाजला की छातीत धडधडतं, असं तुम्ही लिहिलंय. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीचा नंबर 14448. आणि हे फोन यजमानांनी घ्यावेत, तुम्ही नाही. घरातली कामं वाटून घेतो तसं हेही एक काम आहे.

आता घर. बेसाकडचं तिसऱ्या माळ्याचं घर स्वस्त का आहे? वर स्लॅब आहे म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात शेवटच्या माळ्याचा स्लॅब रात्री अकरालाही तापलेला असतो, कुलरची हवासुद्धा गरम लागते. लिफ्ट नसेल तर बधिर पायांनी दिवसातून चार वेळा जिना. ज्या ले-आऊटमध्ये नळ नाही तिथे टँकर आणि त्याची वर्गणी. मानकापूरकडे एका मैत्रिणीने असंच वरचं घर घेतलं होतं, पहिल्या उन्हाळ्यातच लाइट बिलाने किरायातली बचत खाल्ली. तुम्ही दुसरं 9,000 चं घर पाहिलंय, पहिल्या माळ्यावरचं. ते घ्या. पहिला माळा मला सगळ्यात बरा वाटतो: डोक्यावर तापता स्लॅब नाही, जिना एकच. तळमजल्याचं कोणी दाखवलं तर शेजाऱ्यांना एवढंच विचारा की 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे इथे पाणी शिरलं होतं का. नाग नदीच्या किंवा नाल्याच्या जवळचं असेल तर विचाराच. तेव्हा अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या गाद्या, फ्रीज, औषधं सगळं पाण्यात गेलं.

खर्च मांडून पाहिला. दोन महिन्यांचं डिपॉझिट 18,000, पहिला किराया 9,000, गाडी आणि हमाल धरा 6,000. दलाल लागला तर त्याचे आणखी 9,000, म्हणून आधी ‘टू लेट’च्या पाट्या बघत त्या भागात संध्याकाळी एक चक्कर मारा. करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन घरबसल्या होतो. अकरा महिन्यांच्या 9,000 किरायावर स्टॅम्प ड्युटी अडीचशेच्या आसपास आणि शहरातली नोंदणी फी 1,000. बाकी एजंटचे, ते आधी ठरवा. सगळं धरून 50,000 च्या आत बसतं, दलाल टळला तर औषधाला पंधराएक हजार उरतात.

शिवाय जुन्या घराचं डिपॉझिट परत यायचंय, ते तुम्ही हिशेबात धरलंच नाही! मालकाला घर विकायचंय, म्हणजे तुम्ही वेळेवर निघणं ही त्याचीही गरज आहे. त्याला आत्ताच सांगा की निम्मं डिपॉझिट नवीन घर ठरवताना द्या, उरलेलं चावी देताना. व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. शेवटचे किराये डिपॉझिटमधून कापून घ्या म्हणालात तरी चालेल. जुना करार कोणत्या तारखेला संपतो तेही बघा. मुदत संपल्यावर राहिलं तर मालकाला कायद्याने किरायाच्या दुप्पट भरपाई मागता येते, म्हणून जून उलटू देऊ नका. हे आलेलं डिपॉझिट मात्र सरळ कार्डावर भरा. त्यासाठीच मधेच रक्कम भरली तर दंड किती हे आधी विचारून ठेवायचं.

सामान हलवायचा दिवस कोणता? 25 मेपासून नवतपा आहे, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, ते टाळा. मृग लागल्यानंतर पाऊस कधी धरेल याचा भरवसा नाही, उघड्या गाडीत गाद्या भिजतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवतपा संपला की. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीसच उघडतात, त्यामुळे मुलांचंही अडत नाही. नव्या मालकाला किराया त्याच दिवसापासून धरायला सांगा. हमालांना पहाटे साडेपाचला बोलवा, अकराच्या आत सगळं वर चढलं पाहिजे.

आदल्या संध्याकाळी इन्शुलिनची सोय करून ठेवा. फ्रीज गाडीत आडवा झाला तर तो उभा करून काही तास थांबून मगच चालू करायचा असतो, म्हणजे तो दिवस फ्रीज नाही असंच समजा. चालू व्हायल साधारण 25–30 अंशांपर्यंत चार आठवडे टिकते, पण नागपुरातली खोली तेव्हा त्याच्या कितीतरी वर असते. मी मडक्यात ठेवते. एक मोठं मातीचं मडकं, त्यात तळाला ओली रेती, रेतीवर लहान मडकं, दोघांच्या मधल्या जागेतही रेती. रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. व्हायल झिपच्या पिशवीत बंद करून आतल्या मडक्यात, वरून ओलं फडकं. मडकं सावलीत, हवा लागेल अशा जागी. कोरड्या उन्हाळ्यात हे फार छान थंड राहतं. पाऊस सुरू झाला की हवेत ओल येते आणि मडकं तितकं थंड करत नाही, तोवर फ्रीज लागलेला असतो. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. गाठी दिसल्या किंवा रंग बदलला तर टोचू नका. प्रवासात ती पिशवी तुमच्या मांडीवर, ट्रकमध्ये नाही.

त्या दिवशी घरात स्वयंपाक नसणार. यजमान चौकातून तर्री पोहे आणतील, ते कधी येतील सांगता येत नाही, आणि सुई टोचून तुम्ही वाट बघत बसाल. तसं करू नका. ताट समोर आल्यावरच इन्शुलिन. उचल-ठेव केल्याने साखर झपाट्याने उतरते, म्हणून त्या दिवसाचा डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना आधीच विचारा. डबा रात्रीच करून ठेवा: पोळी, कोरडी चटणी, मूठभर फल्लीदाणे. आणि एक लक्षात असू द्या, घाम, थरथर, चक्कर आली की घरचे म्हणतात ऊन लागलं. ती साखर उतरल्याचीही लक्षणं आहेत. ग्लुकोमीटर पर्समध्येच ठेवा, लगेच तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बिस्कीट-चॉकलेटने वेळ लागतो.

पायात मोजे आणि बंद बूट, दिवसभर. खिळे, काचा, गच्चीची तापलेली फरशी, यातलं काहीच तुमच्या पायाला कळणार नाही. रात्री झोपण्याआधी यजमानांनी टॉर्च लावून दोन्ही तळवे आणि बोटांमधली जागा बघायची. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हात चक्कर येते, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. जड काही उचलू नका. आलमारी, दिवाण, कुलर हे हमालांचं काम, त्यांच्यावर पाचशे जास्त गेले तरी जाऊ द्या.

औषधं, रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार एका कापडी पिशवीत, खोक्यात नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आता सगळ्या रेशनकार्डधारकांना. पण भरती व्हायची वेळ आली तर कागद हाताशी लागतात.

शेवटचं, आणि हे बहुतेक लोक विसरतात. दागिने जिथे गहाण आहेत तिथे नवा पत्ता त्याच आठवड्यात लेखी द्या आणि पोच घ्या. मुदत संपल्याची किंवा लिलावाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर तुम्हाला कळणारच नाही, आणि ते घर तेव्हा दुसऱ्याचं असेल. मुदत जून-जुलैत संपत असेल तर व्याज भरून कर्ज नव्याने करता येतं का ते आत्ताच विचारा, पाटल्या सोडवायची घाई नको.

ताई, जुन्या कराराची तारीख, दागिन्यांच्या कर्जाची मुदत आणि कार्डवाल्यांनी सांगितलेला व्याजदर एवढं कळवा, जुलैपासून कुठे किती भरायचं ते आपण मांडू. पण डॉक्टरांना फोन आधी करा.