वेस्ट बँक आधी कोणत्याच देशाची नव्हती, मग तिथल्या इस्रायली वस्त्या बेकायदा कशा?

तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत. वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग, 1967 च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून घेतला; त्याआधी त्यावर कुणाचीच धड मालकी नव्हती, तर तिथे वस्ती करणं बेकायदा कसं? आणि 1948 मध्ये भारताने हैदराबाद संस्थानात फौज घातली, ते वेगळं कसं? मी लातूरला दिवाणी वकिली करतो, रोज जमिनीचेच दावे, त्यामुळे पहिल्यावर जरा जास्त लिहितो.

मालकीचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. जॉर्डनने 1950 मध्ये वेस्ट बँक स्वतःला जोडून घेतली, पण ते ब्रिटनसारख्या मोजक्यांनीच मान्य केलं. म्हणून इस्रायल म्हणतं, आम्ही कुणाची मालकी हिरावलीच नाही. पण हा वाद मालकीचा नाहीच, ताब्याचा आहे. 1949 चा चौथा जिनिव्हा करार एवढंच बघतो, की करार मान्य केलेल्या देशांत लढाई झाली का आणि त्यात कुठला भाग परक्या लष्कराच्या ताब्यात गेला. इस्रायल आणि जॉर्डन, दोघांनीही करार मान्य केलेला होता. मग कलम 49 लागतं: ज्याचा ताबा, त्याने आपले नागरिक तिथे नेऊन वसवायचे नाहीत. ‘लोक आपणहून गेले, आम्ही कुणाला गाडीत कोंबून नेलं नाही’ हा पुढचा बचाव. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2004 मध्ये तो मानला नाही. अशा वस्तीला उत्तेजन देणं, तिची व्यवस्था लावणं हेही कलमात येतं. गंमत म्हणजे इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर 1967 मध्येच सरकारला लेखी कळवलं होतं, की नागरी वस्ती या कराराच्या विरुद्ध जाते.

माझ्यासारख्याला खरा रस आहे तो 1979 च्या एलोन मोरे खटल्यात. वेस्ट बँकमधल्या नाब्लुस शहराजवळच्या रुजैब गावची खासगी जमीन लष्कराने ‘सुरक्षेसाठी’ घेतली आणि तिथे एलोन मोरे ही वस्ती उभी राहिली. शेतकरी थेट इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे वस्तीवाल्यांनीच शपथपत्रात सांगून टाकलं, की आम्ही लष्करासाठी नाही, धर्माने दिलेल्या हक्काने कायमचे राहायला आलोय. (असा अशील वकिलाला मिळू नये.) माजी लष्करप्रमुख हाईम बार-लेव्ह यांनीही सुरक्षेला या जागेची गरज नाही असं शपथेवर सांगितलं. जमीन परत करायचा आदेश झाला. जिनिव्हाच्या कलमावर मात्र न्यायालयाने निकाल देणं टाळलं.

त्यानंतर सरकारने वाट बदलली. 1858 चा उस्मानी (तुर्की साम्राज्याच्या काळचा) जमीन कायदा बाहेर काढला. त्यात ठरावीक जमीन तीन वर्षं पडीक राहिली तर ती सरकारजमा करता येते. बऱ्याच गावांत जमिनीची नोंदणीच पुरी झालेली नव्हती आणि ते काम 1968 मध्ये लष्करी हुकुमाने थांबवलेलं. कागद नाही, तर वहिवाट सिद्ध करा. खडकाळ उतारावर ती कशी सिद्ध करणार? अशा ‘सरकारी’ ठरवलेल्या जमिनीवर पुढच्या वस्त्या झाल्या. तुम्ही म्हणाल, सरकारी जमीन तर कुणाचीच नाही. पण युद्धाबद्दलच्या 1907 च्या हेग नियमांनुसार ताबा घेणाऱ्याला अशा मालमत्तेचा फक्त उपभोग घेता येतो, मालक होता येत नाही.

19 जुलै 2024 च्या अभिप्रायात आंतरराष्ट्रीय न्यायालय आणखी पुढे गेलं: वस्त्या तर बेकायदा आहेतच, इस्रायलचं तिथे राहणंही बेकायदा आहे. अभिप्राय सल्ल्याच्या स्वरूपाचा, त्यामुळे अंमलबजावणी शून्य.

आता हैदराबाद. निजामाची तक्रार तेव्हा सुरक्षा परिषदेपर्यंत गेली होती, फौज आल्यावर त्यांनी ती मागे घेतली. फौज घालणं कायदेशीर होतं का, यावर कुणाला वाद घालायचा तर घालावा. पण आपल्याकडे बाहेरून माणसं आणून त्यांना एक कायदा आणि गावकऱ्यांना लष्करी कायदा, असं झालं नाही. 1952 ला इथल्याच लोकांनी मतदान केलं. वेस्ट बँकमध्ये वस्तीवाल्याला इस्रायलचं नागरी न्यायालय आहे, शेजारच्या पॅलेस्टिनी पोराला लष्करी.

म्हणजे 1948 स्वच्छ होतं असं नाही. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर काय गुदरलं ते भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय, आणि सगळ्यात वाईट हाल झालेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि तेव्हाचा उस्मानाबाद आहे; आमचं लातूर तेव्हा त्यातच होतं. पण ते कत्तलीचं प्रकरण आहे, वस्त्यांचं नाही. हवं तर वेगळा प्रश्न टाका, त्यावर लिहितो.