'नाना, तुम्ही आता फक्त आराम करा'

"खायला-प्यायला काही कमी नाही मॅडम, पण आता जगायचं कशासाठी?" परभणीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे सगळ्यात जास्त ऐकू येतं ते निवृत्त माणसांकडून. त्यांना घेऊन आलेल्या मुलांचा प्रश्नही ठरलेला: "सगळं तर देतो आम्ही, मग यांना कमी काय आहे?"

त्यातल्याच एका नानांबद्दल सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). ते वीज कंपनीत लाइनमन होते. डीपी (गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली की मध्यरात्री गाव त्यांच्या दारात यायचं. निवृत्त झाल्यावर शहरात मुलाकडे आले. पिशवी घेऊन निघाले की सून म्हणायची, "राहू द्या, मागवलंय ऑनलाइन." नळाचा वॉशर बदलायला बसले की मुलगा प्लंबरला फोन लावायचा. सगळं प्रेमापोटी. नाना मला म्हणाले, "देव्हाऱ्यातल्या देवावानी ठेवलंय मला. निवद दाखवतेत, काम सांगत न्हाईत."

झोप, भूक, मरणाचे विचार हे सगळं मी आधी विचारून घेतलं. नैराश्याचा आजार असेल तर बोलण्यावर वेळ काढू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर लगेच फोन करावा. नानांचं तसं नव्हतं.

अशांना 'छंद लावून घ्या' असं सांगायची पद्धत आहे. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल 1942 ते 1945 नाझींच्या छळछावण्यांत होते. आयुष्याकडून आपल्याला काय मिळणार हे विचारत बसण्यापेक्षा आयुष्य आपल्याकडून काय मागतंय ते बघा, अशी त्यांची मांडणी. मी त्याच वाटेची. म्हणून नानांना विचारत राहिले, "तुमच्यावाचून कुणाचं अडतं?"

"कुणाचंच न्हाई." दर वेळी हेच उत्तर.

एप्रिलमध्ये एकदा ते आले, खुर्चीत बसले आणि बोलता बोलता थांबले. नजर माझ्या कूलरवर. उठले, पत्र्याला हाताची मागची बाजू हलकेच टेकवून झटकन काढून घेतली. तळहात लावला तर शॉक बसताच मूठ आवळते आणि हात सुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग बटण बंद करून पिन उपसली.

"कुणी बसवला हा? पत्र्याचा कूलर अन् दोनच पिना! अर्थिंग कुठंय? मुलीबाळी येतेत तुमच्याकडं, कुणी पाणी भरताना चिकटलं म्हंजे?"

इतक्या भेटींत नाना पहिल्यांदाच माझ्यावर चिडले होते. मला मनातून फार आनंद झाला. म्हटलं, "नाना, आत्ता कुणाचं अडलं होतं?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या गल्लीतबी सगळे असेच बसवायलेत."

त्या उन्हाळ्यात नाना टेस्टर खिशात टाकून गल्लीतले कूलर बघत फिरले. पैसे घेतले नाहीत, पण रागावून घेतलं भरपूर.

माझं खरं काम मुलासोबत होतं. आई-वडिलांच्या हातातलं काम काढून घेणं म्हणजे सेवा, असं आपल्याकडे मानतात. माझ्या मते त्यात त्यांचा मान जातो. वेळ जावा म्हणून दिलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं. काम असं द्या की त्यांनी ते केलं नाही तर घराचं खरंच अडेल. नातवाला शिकवणीला सोडणं, बँकेचा व्यवहार, गावाकडच्या शेताचा निर्णय. आणि दिलं की मागून तपासू नका. चूक झाली तर ती त्यांनाच निस्तरू द्या.

मुलगा म्हणाला, "पण मॅडम, उन्हात फिरायलेत. चक्कर आली म्हंजे?"

काळजी रास्त होती. सकाळी दहाच्या आत फिरायचं, असं ठरवायला सांगितलं, पण नानांना विचारून.